आवरलेलं घर

मावशीचं घर वादळात पडलं, पण कागदावर ते उभं राहिलं, आणि त्याला कारण मी.

मी हिंगोलीकडचा. सातवीनंतर शाळा सुटली आणि कामामागं फिरत फिरत कर्जतला आलो. कडावच्या पुढं एका फार्महाऊसवर माळीकाम मिळालं. राहायला जागा दिली ती मावशीनं. नात्यातली नव्हे, पण गावात सगळे तिला मावशीच म्हणतात. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला. दोन म्हशी, रोज सकाळी भिसेगावात दुधाचा रतीब आणि एक कौलारू घर, एवढा तिचा संसार. घराच्या कडेची खोली तिनं मला दिली. पहिल्याच वर्षी मला कावीळ झाली. तीन आठवडे तिनं ताकभात कालवून माझ्यापुढं ठेवला आणि माझ्या आईला फोनवर सांगत राहिली, "तुमी घोर नका करू, पोरगं माझ्याजवळ हाय."

तेव्हापासून मला वाटायचं, हिच्यासाठी आपल्या हातून काहीतरी व्हावं.

वादळ भरदुपारी आलं. आम्ही दोघं गोठ्यात, म्हशींच्या मधोमध बसलो होतो. गोठा ठेंगणा होता, तो टिकला. घराचं आढं मोडलं, मागची भिंत बसली, कौलं अंगणभर झाली. वारा पडल्यावर मावशी बाहेर येऊन बघत उभी राहिली. मग म्हणाली, "म्हशी वाचल्या रं." आणि दूध काढायला बसली.

रात्री खालापूरहून तिच्या भावाचा फोन आला. म्हशी विकून टाक आणि इकडं ये, असं त्याचं म्हणणं. फोन ठेवून ती मला म्हणाली, "चार दिस गेले तर भावजय पुरणपोळी करते. कायमची गेले तर ताटलीकडं बघंल." सरकारकडून छप्पर मिळालं तर ती राहणार होती. नाही तर दुसरा काही मार्ग नव्हता, आणि पाऊस तोंडावर आला होता.

तिसऱ्या दिवशी कळलं की तलाठी भाऊसाहेब पंचनाम्याला येणार. मावशीनं लगेच खराटा काढला.

"मानूस घरी येनार, आन् असला उकिरडा दावायचा?"

मला तेव्हा काही कळलं नाही. उलट आनंदच झाला. मालकाकडं रजा मागितली आणि कामाला लागलो. फार्महाऊसवरची निळी ताडपत्री मागून आणली आणि मोडक्या वाशांवर ताणून बांधली. मागच्या भिंतीच्या विटा रचून ठेवल्या, त्या जागी कारवीचा कूड उभा केला, मावशीनं तो शेणामातीनं सारवला. सारवणावर बोटांचे सरळ फटकारे नीट दिसत होते. अख्खी कौलं शेजारच्यांच्या पडवीला लागणार होती, मावशीनं ती देऊन टाकली. उरला फुटक्यांचा ढीग. घरापर्यंत येणारी बोळ चिखलानं भरलेली. भाऊसाहेबांची मोटारसायकल रुतेल म्हणून तो सगळा ढीग मी बोळीत ओतला आणि धुमसानं चोपून बसवला. काळ्या बाजू खाली घाल, असं मावशीनं बजावलं होतं. दोन दिवसांत घर असं झालं की शेजारीण म्हणाली, "अगं, लगीन हाय का कुनाचं?"

भाऊसाहेब आले तेव्हा दमलेले होते. त्या दिवशी त्यांची किती घरं झाली होती कोण जाणे. मोटारसायकल थेट अंगणात आली. त्यांनी समोरून फोटो काढला, आत डोकावले, चहा घेतला.

"काय मावशी, बरं आहे ना?"

"बरं हाय. तुमची किरपा."

"तुमचं त्या मानानं वाचलं म्हणायचं."

मावशी हसली. मीही हसलो. किती चांगला माणूस, असं मनात आलं. आमच्या हिंगोलीकडं गारपीट झाली होती तेव्हा साहेब रस्त्यावरूनच रान बघून गेले होते. हे निदान चहाला बसले.

आठवड्यानं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. वर 'पूर्णतः', खाली 'अंशतः'. मावशी 'अंशतः'मध्ये, शेवटून दुसरी. अंशतः म्हणजे डागडुजीपुरतं. तेवढ्या पैशांत आढंसुद्धा येणार नव्हतं.

भिंतीपुढं गर्दी आणि प्रत्येकाचं तोंड चालू.

"तुझं रं काय पडलं?"

"कोंबड्यांचं खुराडं."

"मंग पूर्णमदी नाव कसं?"

"कोंबड्या रडल्या ना भाऊसायबापुढं. तुझी बायको रडली का?"

सगळे हसले. एक म्हातारा म्हणाला, "ज्यानं झाडलोट केली तो खाली, ज्यानं घान ठेवली तो वर. असं हाय सरकार." त्यावर दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. "अरं, येकटा मानूस, पाच गावं. त्याच्या सोताच्या घरावर कौल नाय राहिलं. गाडीवर भिजत फिरतो तो. शिव्या देताना कळत नाय?" दोघांचंही मला पटत होतं. सरकारला शिव्या देणं सोपं होतं, पण कूड मी उभा केला होता, सरकारनं नाही. आणि हेही खरं की आपलं घर पडलंय हे दिसावं म्हणून माणसानं ते आठवडाभर पडलेलंच ठेवावं, अशी अपेक्षा कुणी कागदावर लिहिली नसली तरी ती होतीच. मावशीसारखीला ती कोण सांगणार?

घरी आलो तर ती म्हैस विकत घेणाऱ्याशी बोलत होती. त्यानं म्हशीचे दात बघितले आणि मावशी दुसरीकडं बघत राहिली.

त्या संध्याकाळी मी अर्ज लिहायला बसलो. भीती एकच होती. मी इथला नाही, भाडेकरू माणूस. तू कोण, असं विचारलं तर काय सांगायचं? तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: 'मावशींचे घर पूर्ण पडले होते. ते मी आवरले. चूक माझी आहे, त्यांची नाही. कृपया परत येऊन बघावे.' खाली सही केली आणि सहीखाली गावाचं नाव म्हणून चुकून हिंगोलीकडचं घातलं. ते खोडून दुरुस्त केलं.

भाऊसाहेबांनी अर्ज उभ्याउभ्या वाचला. कपाळावर हात मारला.

"आवरलं म्हणजे? मी काय बघायचं आता? कौलं कुठायत?"

"बोळीत."

"कुठल्या बोळीत?"

"तुम्ही गाडी आणली त्या."

त्यांनी अर्जाची घडी करून खिशात घातली. ओरडतील असं वाटलं. "गुरुवारी येतो," म्हणाले.

गुरुवारी ते खरंच आले. बोळीच्या तोंडाशी मी हात करून गाडी थांबवली. त्यांनी खाली उतरून बुटानं माती बाजूला केली, एक तुकडा उचलला, उलटा केला. वर्षानुवर्षांच्या चुलीच्या धुरानं काळा कुळकुळीत झालेला. पुढं दोन पावलं जाऊन दुसरा उचलला. तोही काळा. मग ते बोळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिले.

"सगळं छप्पर?" त्यांनी हळू विचारलं.

"अख्खी होती ती शेजाऱ्यांना दिली. बाकी सगळं हे."

अंगणात येऊन त्यांनी मला ताडपत्री सोडायला लावली. मोडकं आढं उघडं पडलं. कुडामागच्या विटा दाखवल्या. मावशी पदर सारखा करत उभी होती.

"मावशी, मागल्या वेळी का नाही बोललात?"

"तुमी इचारलं बरं हाय का. दारात आलेल्याला काय सांगू?"

"आता सांगा. घराचं काय झालं?"

मी ताडपत्रीची दोरी हातात धरून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, बोल गं, बोल. तिनं गोठ्याकडं बघितलं, आणि दुसऱ्या कुणाच्या घराबद्दल सांगावं तशा आवाजात म्हणाली, "पडलं. समदंच पडलं, भाऊसायेब. ऱ्हायाला काय नाय उरलं."

त्यांनी लिहून घेतलं. मग तिनं पुन्हा चहा टाकला.

नाव वरच्या यादीत गेलं. मदत आली तोवर भाताची रोपं वीतभर झाली होती. तितके दिवस आम्ही गोठ्यात काढले, मावशी, मी आणि दोन म्हशी. दोन्ही. पण त्या गुरुवारचं मला वेगळंच आठवतं. गाडीचा आवाज लांब गेल्यावर मावशी बोळीत गेली, भाऊसाहेबांनी उलटे टाकलेले तुकडे बघितले आणि मला हाक मारली.

"ती कौलं पालथी घाल रं परत. येनारी-जानारी लोकं आमच्या चुलीचं काळं बघतील."

मी खाली बसलो आणि एकेक तुकडा पालथा घातला.