चादरीखालून वाचलेली गोष्ट

शाळेत मला ओळख द्यायची नाही, असं माझ्या आठ वर्षांच्या मुलीने मला बजावलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याच शाळेत नोकरीला लागणार होते. जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं, सांडलेलं पुसायचं, कोटाच्या चेना लावून द्यायच्या. डिनर लेडी म्हणतात तिकडे, जेवण दुपारचं असलं तरी.

"तू मला हाय करायचं नाही. मी पण नाही करणार. ओके?"

"का गं?"

"सगळे हसतात. एका मुलाची मम होती डिनर लेडी, ती त्याला गाजर खा म्हणायची. सगळ्यांसमोर."

"मी नाही म्हणणार गाजर खा."

"आई, प्लीज."

म्हटलं, बरं बाई. आणि पुढची पोळी अशी दाबून लाटली की ती पोळपाटाला चिकटूनच बसली. राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण या वेळी राग कमी होता आणि दुसरंच काहीतरी जास्त होतं.

नागपूरला मी दहा वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नवऱ्याला इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊमध्ये नोकरी मिळाली आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये आलो. खिडकीतून एक गोदाम आणि त्याचं पार्किंग दिसायचं. नवरा सोमवारी पहाटे विमानाने एडिनबर्गला क्लायंटकडे जायचा, तो गुरुवारी रात्री परत. मुलगी साडेआठला शाळेत. मग दिवसभर माझ्याशी बोलणारी एकच बाई होती, लिफ्टमधली, आणि ती फक्त मजल्यांचे आकडे सांगायची. हसू नका. काही दिवस मी तिला थँक यू म्हणत असे.

म्हणून ती नोकरी घेतली. रोज दीड तास का होईना, माणसांत. पण तिथेही जमेना. बाकीच्या बायका पंजाबी, तिथेच जन्मलेल्या नाहीतर वीस वर्षं राहिलेल्या. स्वभावाने चांगल्या. माझ्याशी दोन वाक्यं हिंदीत बोलायच्या आणि मग एकमेकींकडे वळून पंजाबीत सुरू. मुलांना तर आम्ही सगळ्याच "मिस". माझी मुलगी ट्रे घेऊन माझ्या समोरून जायची, डावीकडच्या भिंतीकडे बघत. मीही दिलेला शब्द पाळला. शाळा सुटल्यावरसुद्धा फाटकाशी न थांबता कोपऱ्यावरच्या लाल पोस्टाच्या पेटीपाशी थांबायचे. ती तिथवर एकटी यायची आणि मग दप्तर माझ्या हातात द्यायची. एप्रिलात, ईस्टरच्या सुट्टीनंतर हे सुरू झालं आणि ऑक्टोबर आला तरी चालूच होतं.

ऑक्टोबरात तिच्या वर्गाच्या मिसने हॅलोविनचा घाट घातला. काही घरांना भुताखेतांचं आवडत नव्हतं, म्हणून तिने सगळं एका पुस्तकावर बेतलं. पुस्तकात एका सापळ्याचं करंगळीचं हाड हरवतं आणि तो ते शोधत दारोदार फिरतो. सोमवारी मुलांनी काळ्या कागदावर मॅकरोनी चिकटवून सापळे केले. मंगळवारी "हाड हरवले आहे" अशी पत्रकं लिहून जिन्यात लावली. बुधवारी प्रत्येकाने घरून एक खोटं हाड करून आणायचं आणि ते कुठे सापडलं याची गोष्ट सांगायची. माझ्या लेकीने काड्यापेटीतल्या काडीला कापूस गुंडाळला आणि ते हाड गोदामाच्या पार्किंगमध्ये सापडलं असं लिहिलं. मला ते फार आवडलं. आम्ही मास्तर असताना नकाशे भरून घेण्यापलीकडे काही सुचलं नाही, याची जराशी लाजही वाटली.

शेवटचं प्रकरण मिसने मुद्दाम वाचलं नव्हतं. ते शुक्रवारी एक भूत येऊन वाचणार होतं. म्हणजे कोणीतरी मोठं माणूस पांढऱ्या चादरीखाली बसून वाचणार, आणि मुलांनी ओळखायचं की आत कोण आहे. त्याच्या आदल्या आठवड्यात मिस मला कोट टांगायच्या खुंट्यांपाशी गाठून म्हणाली, "तुम्ही भूत व्हाल का?" मी कोणाची आई ते तिला फॉर्मवरून माहीत होतं. मुलांना नव्हतं.

मी लगेच हो म्हटलं. का म्हटलं, ते सांगून टाकते, उगाच आडपडदा कशाला. मला वाटलं, माझा आवाज ऐकल्यावर माझ्या पोरीला राहवणार नाही. गोष्ट ऐकता ऐकता विसरून जाईल आणि ओरडेल, ही माझी आई आहे! सगळ्या वर्गासमोर एकदा तिच्या तोंडून तेवढं ऐकायचं होतं. बाकी मला हॅलोविनशी काय देणंघेणं.

आठवडाभर मी स्वयंपाकघरात उभी राहून ते प्रकरण मोठ्याने वाचलं. सापळ्याला खोल आवाज दिला, दारं उघडणाऱ्या म्हातारीला चिरका. कुकरच्या शिट्ट्या मध्ये यायच्या, मी थांबायचे नाही. कितीतरी दिवसांनी घरात माझा आवाज घुमत होता. तो मला बरा वाटला.

शुक्रवारी मिसने मला मुलं मैदानात असताना वर्गात बसवलं. चादरीला डोळ्यांची भोकं नव्हती, डोळे ओळखू येतात म्हणून. चपला ओळखू येतात म्हणून केअरटेकरचे गमबूट घालायला दिले. कापड पातळ होतं, आत वाचण्यापुरता उजेड येत होता, पण बाहेरचं काही दिसत नव्हतं. मग मुलं आली, किंचाळली, बसली. मी वाचायला लागले.

चांगलं वाचलं हो मी. स्वतःच्या तोंडाने सांगते, पण खरंच चांगलं वाचलं. म्हातारीच्या आवाजाला मुलं खदखदून हसली, आणि हाड सापडतं तिथे एकाचाही श्वास ऐकू येत नव्हता. दहा वर्षं वर्ग सांभाळलाय, मुलं कधी हातात आली ते बाईला कळतं.

मग ओळखायचा खेळ. मी बोलायचं नाही, टेबलावर टकटक करायचं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

"तुम्ही हेडमास्तर आहात का?" टक टक.

"केअरटेकर? बूट त्यांचे आहेत!" टक टक.

"रस्ता ओलांडून देणारे आजोबा?" टक टक. आवाज बाईचा आहे रे बाळांनो, मी मनात म्हटलं.

"तुम्ही शाळेत काम करता?" टक.

"आम्हाला ओळखता?" टक. एकेकाला ओळखत होते. कोण वाटाणे खिशात लपवतो, कोणाच्या उजव्या हातमोज्याला भोक आहे, सगळं.

"आम्ही तुम्हाला ओळखतो?"

माझा हात टेबलाच्या वर तसाच राहिला. किती टकटक करू? मी एकदाच केलं, तेही हळू.

ऑफिसातली बाई झाली, नर्स झाली, कोणाची तरी आजी झाली. मी कान टवकारून एकाच आवाजाची वाट बघत होते. तो आला नाही. सव्वीस पोरं बोलली असतील, तेवढं एक पोर बोललं नाही. चादरीत उकडत होतं आणि माझं डोकं तापत चाललं होतं. ओळखलंय तिने मला. पहिल्या वाक्याला ओळखलंय आणि तोंडाला कुलूप लावून बसलीय. इतकी लाज वाटते माझी?

"हात खाली सगळ्यांनी," मिस म्हणाली आणि तिने चादर ओढली.

वर्ग माझ्याकडे बघत राहिला. पुढच्या रांगेतला एक मुलगा शेजारच्याला म्हणाला, "कोण आहे ही?" ज्याच्या कोटाची चेन मी कालच लावली होती, तो. मागच्या बाजूला मला माझ्या लेकीचा नुसता भांग दिसला. मान खाली घालून बसली होती.

मीच सांगून टाकलं, मी डिनर लेडी आहे, रोज हॉलमध्ये असते. मग ओह मिस, ओह मिस, असं झालं. एका वेण्यावाल्या मुलीने विचारलं, "मिस, तुम्ही इतकं छान वाचता. तुम्हाला मुलं आहेत का?"

मी म्हटलं, "नाही."

स्पष्ट, मोठ्याने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मिसने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात घंटा झाली. माझ्या मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरू म्हणता विसरत नाही.

दुसऱ्या दिवसापासून हाफ टर्मची आठवड्याची सुट्टी लागली. नवरा सोमवारी एडिनबर्गला गेला. आम्ही दोघीच. ती विचारलं तेवढंच बोलायची. मी वरणभात वाढायचे, ती जेवायची, टीव्ही बघायची. एवढंसं घर, पण आम्ही एकमेकींना चुकवत होतो.

हॅलोविनच्या संध्याकाळी पोरं भुतं बनून दारोदार खाऊ मागत फिरतात, म्हणून मी चॉकलेटं भरलेला वाडगा दाराशी ठेवला. तिसऱ्या मजल्यावर कोण चढतंय! सहा वाजले, सात वाजले, कोणी आलं नाही. ती सोफ्यावरून म्हणाली, "मी हात वर केला होता."

"कधी?"

"तू वाचत होतीस तेव्हापासून. दोन्ही हात. मिस माझ्या कानात म्हणाली, तुला माहीत आहे, तू नको सांगू, बाकीच्यांना गेस करू दे. मग हात खाली म्हणाली." तिने टीव्ही बंद केला. "मग तू नाही म्हणालीस."

"अगं, तूच म्हणाली होतीस ना, ओळख द्यायची नाही म्हणून?"

"ते मी ईस्टरला म्हटलं होतं," ती म्हणाली. "आता ऑक्टोबर आहे."

चुकलं माझं, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण दहा वर्षं मुलांच्या चुका काढलेली बाई मी. माझ्या तोंडून निघालं, "चॉकलेट खातेस का?" तिने नको म्हटलं आणि आत निघून गेली. मी वाडगा उचलून फ्रिजवर ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडले.

शनिवारी सुपरमार्केटात ती वेण्यावाली मुलगी आम्हाला दिसली. आम्ही एकाच ट्रॉलीला धरून चाललो होतो. तिने वळून वळून पाहिलं.

सोमवारी शाळा उघडली. मी हॉलमध्ये सांडलेलं पाणी पुसत होते. माझ्या पाठीशीच त्यांचं टेबल होतं. वेण्यावालीने विचारलं, "ती मिस तुझी मम आहे?"

मी वळून पाहिलं. माझी मुलगी थेट माझ्या डोळ्यांत बघत होती, आणि शांतपणे, अगदी शिकवल्यासारखं म्हणाली, "नाही. तिला मुलं नाहीत. तिनेच नाही का सांगितलं?"

आणि माझं डोकंच फिरलं. हातातला ओला फडका तसाच धरून मी मराठीत ओरडले, "अगं ए! नऊ महिने पोटात वाढवलंय तुला मी! म्हणे मुलं नाहीत! चुकलं माझं, शंभरदा चुकलं, पण तू माझीच आहेस, कळलं का?"

सगळा हॉल चिडीचूप. काटेचमचे थांबले. पंजाबी बायका थांबल्या. दीडशे पोरं माझ्याकडे तोंड वासून बघत होती आणि एकालाही एक अक्षर कळलं नव्हतं. एक सोडून.

वेण्यावालीने तिला कोपराने ढोसलं. "काय म्हणाली ती?"

माझी लेक कानापर्यंत लाल झाली होती. तिने काटा खाली ठेवला.

"ती माझी आई आहे," ती इंग्रजीत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ती घरी पण अशीच ओरडते."