साहेबाचं पिंप

रे रोडच्या त्या कारखान्यात दारापाशी एक पिंप कायम भरलेलं असायचं. आतला माल एकदम चोख. सरकारी इन्स्पेक्टर नमुना घ्यायला आला की मनमोहनशेठ त्याचंच झाकण उघडायचा. कामगार त्याला साहेबाचं पिंप म्हणायचे. विकायचा माल मागच्या ओळीत.

तिथं गोळ्या बनत नव्हत्या. गोळ्यांत घालायचं मूळ औषध बनायचं. बाळंतिणींच्या रक्तवाढीच्या गोळ्यांत जातो तो लोहक्षार. आमची सुमती तिथं माल तपासायची. गिरगावातल्या कारकुनी घरातली, बी.एस्सी. झालेली, आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्चात माझ्यापेक्षा मोठ्यानं घोषणा देणारी. सत्तावन्न साली एका लॉटमध्ये तिला शिसं जास्त सापडलं. तिनं लॉट नापास केला. शेठनं तो चांगल्या मालात कालवला, वर पासची चिठ्ठी लावून विकला. औषध कंपनीनं माल परत पाठवला तेव्हा म्हणतो, "पोरीनं चाचणी चुकवली."

काढलं ते काढलं, वर बाजारभर हेच सांगत सुटला. कुठंही नोकरी मागायला गेली की, "त्या शिसंवाल्या तुम्हीच ना?" माझं डोकं फिरलं. म्हटलं, "चल, चार पोरं घेऊ, काचा फोडू त्याच्या."

"काचा तो उद्या बसवील रे. माझी चाचणी बरोबर होती, हे त्याच्या तोंडून वदवायचंय. सगळ्यांदेखत."

वर्षभर ती दबा धरून बसली. मग एक दिवस तिथली चाळणीवाली कौसल्या सांगत आली, शेठ पुन्हा नापास माल कालवतोय. सुमती थेट इन्स्पेक्टरकडं गेली. "साहेब, दारातलं पिंप सोडा. मागची ओळ उघडा."

त्यानं उघडली. कायद्याप्रमाणं नमुन्याचे भाग केले, लाखेनं सील केले, एक भाग शेठच्याच हातात ठेवला. म्हणजे नंतर नमुना बदलला अशी बोंब मारायची सोय नाही.

महापालिकेत तेव्हा समिती निवडून आलेली. शेठला वाटलं, सरकारही आम्हा समितीवाल्यांच्या खिशात. काळाचौकीच्या आमच्या कचेरीत हात जोडत आला. "सुमतीताई, हे मिटवा. तुम्ही म्हणाल ते करतो."

"उद्या सुट्टीच्या भोंग्याला फाटकावर उभे राहा. त्या लॉटचं खरं काय ते सांगा."

दुसऱ्या दिवशी फाटकावर सगळे कामगार, आणि मी मुद्दाम बोलावलेले बाजारातले दोन दलाल. शेठ काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं!" कौसल्या ओरडली. "आमच्यावर खेकसताना बरा आवाज निघतो मेल्याचा!"

"बाईंची चाचणी बरोबर होती! लॉट नापासच होता, पासची चिठ्ठी मी लावली!"

फाटकावर हशा उसळला. घाम पुसत तो सुमतीजवळ आला. "झालं ना मनासारखं? आता नमुना मागं घ्यायला सांगा."

"तो कालच सरकारी प्रयोगशाळेत गेला, शेठ. माझ्या हातात काय आहे?"

"मग हे सगळं कशाला करायला लावलंत?"

"मला ऐकायचं होतं."

पुढं त्याचा परवाना गेला. दया आली का विचाराल, तर मला नाही आली. सुमतीलाही नाही. त्या संध्याकाळी नाक्यावर तिनं माझ्या वाटणीचीसुद्धा भजी खाल्ली.