धुक्याची पेटी

विज्ञान केंद्रातली ही प्रयोगशाळा बघायला येणाऱ्यांना धुक्याची पेटी स्वतः करून पाहता येते. काचेच्या डब्यात स्पिरिटने भिजवलेला कापूस ठेवायचा आणि डबा कोरड्या बर्फावर, म्हणजे ड्राय आइसवर ठेवायचा, की आत धुकं साचतं. दिवे मालवून मी बाजूने टॉर्च धरला. डब्यातल्या धुक्यात एक पांढरी रेघ उमटली आणि विरली. मग दुसरी.

“आकाशातून येणाऱ्या कणांच्या वाटा आहेत या,” शिकवणारी मुलगी म्हणाली. “ते छतातून येतात, आपल्यातूनही आरपार जातात.”

शेजारी उभ्या असलेल्या बाईंच्या खांद्यावर तान्हं बाळ झोपलं होतं. “आत्तासुद्धा?” त्यांनी विचारलं.

“आत्तासुद्धा.”

बाईंनी चटकन पदर ओढून बाळाचं डोकं झाकलं.

“पदराने नाही हो थांबत, ताई!”

बाईंनी पदर तसाच ठेवला. मला हसू आलं. उगाच मी पेटीवर तळहात धरला, तर हाताखालीही रेघ उमटलीच. मला मात्र काहीच जाणवलं नाही. जन्मभर आपल्यातून अशी ये-जा चालली आहे आणि आपण रोज कड्या लावून निवांत झोपतो.

तेवढ्यात पदराखाली बाळ झोपेतच दचकलं. बाईंनी वर छताकडे पाहिलं. मीही पाहिलं.