बर्फावर पडले तेव्हा

ऑस्लोला लेकीकडे येऊन दोन महिने झाले. शेजारच्या इंग्रिडबाई बर्फावर पाय घासत चालतात. "सुब्बे," त्या हसून आपल्याच चालीचं नॉर्वेजियन नाव सांगतात. इंग्रजीत शफल, मी म्हणते. अडखळलं की स्नुब्ले, म्हणजे स्टंबल. झोक गेला की वाक्ले, म्हणजे टॉटर. आमची ही शिकवणी रोज फाटकापाशी चालते.

काल मीच सपशेल आपटले. इंग्रिडबाईंनी उठवलं, कोट झटकला, दोन्ही भाषांत विचारपूस केली. लागलं काहीच नव्हतं, तरी डोळे भरून आले. लहानपणी पडले की आई जमिनीला एक चापट मारायची आणि म्हणायची, "काही नाही झालं गं, मुंगी मेली बघ!"

पासष्टीची मी, त्या पांढऱ्याशुभ्र बर्फात कितीतरी वेळ मुंगी शोधत उभी राहिले.