मोठेबाबांची चाबी

मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, पाहुण्याला चहा विचारायच्या आधी शब्दाचं गाव विचारायचे. पवनीत त्यांचं हातमागाच्या लुगड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक लुगडं मागायचं आणि हे म्हणायचे, "अलमारीत हाये. पन अलमारी कोन्या गावची, सांग?" मग पोर्तुगिजांचं जहाज दुकानात शिरलंच म्हणून समजा.

"अलमारी अन् चाबी दोघी बहिनी, एकाच जहाजातून उतरल्या," असं त्यांचं म्हणणं. त्यातली चाबी जास्त लाडकी. पोर्तुगिजांची 'चावे', पुण्याकडे आणि गुजरातेत चावी, हिंदीत आणि बंगालीत चाबी. "आपून काहून चाबी म्हनतो? हिंदीच्या वाटेनं आली म्हनून." गोंदिया आमच्या जिल्ह्यातून वेगळा झाला तेव्हा जो तो त्यावरच बोलत होता. हे म्हणाले, "जिल्ह्याले हद्द असते, शब्दाले नाई."

मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, वैतागायची. "बाईची कोंढ्याची बस चुकून रायली. लुगडं दाखवा, जहाज नका दाखवू."

मग त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, चाबी. तहान लागली की चाबी, दुखलं की चाबी, मला पाहून डोळे भरले तरी चाबीच. शब्दांवर एवढा जीव लावणाऱ्या माणसाचं असं व्हावं, याचा मला अजून राग येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही.

आधी आम्हाला वाटलं, खरंच चाबी मागताहेत. मोठीआईने दुकानाची, अलमारीची, देवघरातल्या पेटीची, घरातली एकेक चाबी त्यांच्या डाव्या हातावर ठेवून पाहिली. ते नुसती मान हलवायचे. शेवटी सगळा जुडगा ढकलून दिला आणि रडले. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत.

एका दुपारी मोठीआई खाटेपाशी बसली आणि मुद्दाम चुकीचं बोलली. "अजी, चाबी आपल्या नागपूरचीच ना?"

चुकीचं ऐकून घेणारा माणूसच नव्हता तो. मान जोरात हलली, डावा हात कुठेतरी लांब दाखवू लागला. "चाबी, चाबी, चाबी."

"मंग कोन्या गावची? सांगा ना. मी आयकून रायली. आता नाई वैतागत."

ओठ हलत राहिले. मला तिथे बसवेना, मी उठून मागच्या अंगणात गेले.

धानाच्या कापणीच्या दिवसांत ते गेले. मोठीआई अजून विचारते, "तू एवढी शिकली. जाताना माह्याकडं पाहून चाबी म्हनले. काय म्हनत होते, सांग."

मी आपली सुरुवात करते, "मोठीआई, चाबी जहाजातून आली..."

"ते मले पाठ हाये, बाई," ती म्हणते.