एकाच नावाच्या दोन मुली

हॉल तिकिटं वाटली त्या दुपारी के. महालक्ष्मी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्या तिकिटावर एक विषय कमी आहे." मी हसून यादी काढली. बावीस वर्षांत माझ्या यादीत कुणाला चूक सापडली नव्हती, आणि ही गोष्ट मी अधूनमधून लोकांना ऐकवतही असे. पट्टी लावून त्या ओळीवर आले आणि हसू तिथंच थांबलं. चूक होती, आणि ती माझीच होती.

मी चेन्नईतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. गणितापासून भरतनाट्यमपर्यंत पदवीचे बरेच विषय आमच्याकडे आहेत आणि प्रत्येकाला आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यावाच लागतो. भौतिकशास्त्राची मुलगी इतिहास घेते, इंग्रजी साहित्याचा मुलगा खगोलशास्त्र. शेकडो मुलांच्या या निवडी जुळवून विद्यापीठाला यादी पाठवणं हे माझं काम. इथं आडनाव लावत नाहीत, वडिलांच्या नावाचं एक अक्षर पुढे येतं, त्यामुळे एकाच नावाची मुलं निघतातच. त्या वर्षी गणिताला दोन के. महालक्ष्मी होत्या, एक सकाळच्या वर्गात, एक दुपारच्या. दोघींनीही 'चित्रकलेची ओळख' हाच विषय घेतलेला, आणि नोंदणी क्रमांकात फक्त शेवटच्या आकड्याचा फरक. मला वाटलं एकच मुलगी चुकून दोनदा आलीय. खालची ओळ मी पट्टी धरून सरळ रेघेत खोडली. रेघ छान आली, म्हणून समाधानही वाटलं होतं.

खोडलेली मुलगी चेन्नईजवळच्या, समुद्रकाठच्या एन्नोरची. वडील मासेमारी करतात. तिला एम.एस्सी.ला प्रवेश मिळालेला होता, पण हा पेपर दिला नाही तर यंदा पदवी नाही, आणि पदवी नाही तर प्रवेशही नाही. विद्यापीठात दुरुस्तीची मुदत शनिवारी दुपारी बारापर्यंत. तो दिवस गुरुवार होता. अर्जात कारण लिहायचं आणि मुलगी वर्षभर वर्गात बसल्याचा पुरावा जोडायचा. पण हजेरीपटही माझ्याच यादीवरून बनलेला, त्यात महालक्ष्मी एकच. शिकवणारे चित्रकार बाहेरून येत, ते आता गावी गेलेले आणि त्यांचा फोन लागेना. माझी सहकारी वसंता म्हणाली, "अक्का, लिहून टाका ना, विद्यार्थिनीनं फॉर्म उशिरा दिला. कोण बघणारेय?" मी तिला 'गप्प बस' म्हटलं नाही. हे मी इथं कबूल केलं पाहिजे.

आम्ही तंजावरकडचे मराठी, घरात मारुतीची उपासना पिढ्यान्‌पिढ्या. शुक्रवारी घरी येऊन मी करायच्या कामांची यादी केली. नऊ कामं, आणि दहावं : मारुतीला इकडच्या रीतीप्रमाणे वड्यांची माळ. यजमानांनी खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "देवाला दहावा नंबर? बरंय, रांगेत उभं राहायची त्यालाही सवय होईल." मी चिडले, पण रात्रभर ते डोक्यात राहिलं.

शनिवारी सकाळी आधी देवळात गेले. डोळे मिटून म्हणाले, "मुलीला पेपर देता येऊ दे आणि माझ्या नावाला डाग लागू देऊ नकोस." म्हणताना मला माझंच मागणं नीट ऐकू आलं. ही दोन मागणी होती, आणि दुसरं पुरवायचं तर मुलीच्या नावावर खोटं चढवावं लागणार होतं. मग म्हणाले, "मुलीचं बघ. माझं तुझ्या मर्जीवर." दृष्टांत वगैरे काही झाला नाही. दोन दिवस छातीत बसलेलं ओझं मात्र उतरलं. तिथंच पायरीवर बसून मी अर्ज लिहिला : एकच नाव दोनदा आले असे समजून मी ती ओळ खोडली, विद्यार्थिनीची यात काहीही चूक नाही.

विद्यापीठात महालक्ष्मी कापडी पिशवी छातीशी धरून थांबली होती. रांग जिन्यापर्यंत आलेली आणि साडेअकरा वाजून गेलेले. खिडकीजवळ एक वयस्कर गृहस्थ होते, कपाळावर विभूती, काखेत फायलींचा गठ्ठा. दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजच्या ऑफिसातले असावेत. मुलीचा चेहरा बघून त्यांनीच हाक मारली, "अम्मा, इकडे या. काय झालं?" अर्ज त्यांनी शेवटपर्यंत वाचला.

"पुरावा?"

"नाही हो."

"पोरीच्या पिशवीत काय आहे?"

"काही नाही सर," ती म्हणाली, "चित्रांची वही."

त्यांनी वही उघडली. पानापानावर कोलम, म्हणजे इथल्या ठिपक्यांच्या रांगोळ्या, आणि गणिताची मुलगी ती, प्रत्येकाखाली तो किती रेषांवर दुमडून जुळतो ते लिहिलेलं. आणि प्रत्येक आठवड्याच्या चित्राखाली चित्रकारांची तारखेसह सही, पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत. दोन दिवस ती वही त्या पिशवीत माझ्यासमोर होती. कागदपत्रांच्या माझ्या यादीत वही नव्हती, म्हणून मी ती उघडलीच नाही.

"हीच हजेरी," म्हणत त्यांनी आम्हाला आपल्या जागी उभं केलं आणि स्वतः रांगेच्या शेवटी निघाले.

"अहो, तुमचं काम?"

"सोमवारी येईन. माझ्या फायलीला कुठं परीक्षा द्यायचीय?"

आतल्या अधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला. "कॉलेजनं स्वतःची चूक लिहिलेली पहिल्यांदाच बघतोय," म्हणाले, वही चाळली आणि सही केली. बाहेर आलो तेव्हा खिडकी बंद होत होती आणि ते गृहस्थ गठ्ठा घेऊन जिना उतरत होते. मी धावत जाऊन हात जोडले. ते म्हणाले, "वही तिची, अर्ज तुमचा. मी नुसता रांगेतून सरकलो."

यात चमत्कार किती आणि योगायोग किती, हे मी मोजत बसले नाही. प्राचार्यांनी मला बोलायचं ते बोलून घेतलं, माझ्या फायलीत लेखी समज लागली, आणि तरीही मी शांत होते. माझं काम मी आजही तितक्याच काटेकोरपणे करते, कारण तीही सेवाच आहे. पण आता यादी पुरी झाली की ती वसंताकडे देते आणि सांगते, चुका काढ. आपण चुकणारच नाही हा हट्ट सोडला, तेव्हा देवाला मदत करायला जागा मिळाली, एवढंच मला समजलंय.

नवीन तिकीट आलं तेव्हा मी ते महालक्ष्मीच्या हातात दिलं. ती नोंदणी क्रमांकाच्या एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचू लागली.

"बरोबर आहे गं," मी म्हटलं.

"थांबा मॅडम, बघू दे."

मी थांबले. तिनं पुन्हा पहिल्यापासून तपासलं, मान हलवली आणि तिकीट मिळाल्याची सही केली. मी मनातल्या मनात मारुतीला नमस्कार केला.