निळ्या बॅरलातल्या चार रेघा

आमच्या गल्लीत नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो "अरेरे" म्हणतो, आणि मला त्या अरेरेचाच राग येतो. अरेरे काय त्यात? भरून ठेवायचं, पुरवून वापरायचं, झालं.

भरून ठेवायला मोरीशेजारी एक निळं बॅरल आहे, माझ्या छातीएवढं. प्यायला विकतचा जार वेगळा. घरात माणसं चार. मी, आमचे हे, दहावीतली लेक आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या मंगळवेढ्याकडच्या. शाळेचं तोंड कधी पाहिलं नाही, पण चार एकर ज्वारी एकटीनं काढलेली बाई. सासरे गेल्यावर आमच्याकडे राहायला आल्या आणि आल्या दिवसापासून पाहुण्यासारख्या कोपरा धरून बसायच्या.

मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. नियम लावल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे घरातले सगळे सांगतील. एकदा चौथ्या दिवशी सकाळीच बॅरल कोरडं पडलं. माझं डोकं असं फिरलं की ऑफिसातला जाड मार्कर घरी आणून मी बॅरलच्या आतल्या अंगाला वरून खाली चार रेघा मारल्या. एका दिवसाला एक रेघ. आज पाणी इथपर्यंतच उतरलं पाहिजे, उद्या इथपर्यंत. ह्यांना आणि लेकीला उभं करून नियम समजावला. आत्या त्या आठवड्यात गावाकडे होत्या, त्यांना सांगायचं राहून गेलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी बॅरलात डोकावून ओरडायची, "रेघेच्या खाली कोण गेलं?" लेक म्हणायची, "आई, तू पोलिसात जायला हवी होतीस." आत्या खाली मान घालून वाती वळत बसायच्या.

गेल्या श्रावणात कोपऱ्यावर रस्ता खोदला आणि कुठंतरी नळाची पाइप फुटली. त्या खेपेला पाणी आलं ते काळ्या चहासारखं. तासाभराने निवळलं, मग भरून घेतलं. वापरायलाच तर आहे, म्हटलं. चार दिवस ते वापरलं, तळाशी बोटभर गाळ साचला. पाचव्या दिवशी नवं पाणी आलं, बॅरल परत भरलं. गल्लीत दोघातिघांना जुलाब-उलट्या झाल्याचं कानावर आलं होतं. आमच्याकडे सगळे ठणठणीत, म्हणून मी निर्धास्त होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या चहा नको म्हणाल्या. आत्या आणि चहा नको! मी डबा भरता भरता विचारलं, "काय होतंय?"

"काय न्हाय गं. प्वाट जरा बिगडलंय."

"किती वेळा गेलात?"

"दोन डाव."

दोनदा म्हणजे काय मोठं, असं मला वाटलं. वर मी त्यांच्यावरच डाफरले, "परवा बारशाच्या जेवणात तुम्ही ती मठ्ठ्याची तिसरी वाटी घेतलीत ना, त्याचा प्रसाद आहे हा." आत्या खाली बघून हसल्या. ड्रॉवरमध्ये जुलाब थांबवायची एक जुनी गोळी होती, ती त्यांच्या हातावर ठेवली. बरोबर पाणी किती प्यायल्या ते पाहिलं नाही. हे कुर्डुवाडीला वर्कशॉपात कामाला, ते पहाटेच गेलेले. लेक शाळेत. मीही गाडीला किक मारून निघाले.

दुपारी बाराच्या सुमारास शेजारणीचा फोन आला. ती विड्या वळते, घरात तेलुगू बोलतात, पण माझ्यापेक्षा चोख मराठीत भांडते. त्या दिवशी मात्र तिचा आवाज बारीक झाला होता. "वहिनी, असाल तशा या. आजी उठेना झाल्यात."

आत्या आमच्या घरी नव्हत्याच. शेजारणीच्या ओसरीवर, विड्यांच्या सुपाशेजारी गोधडीवर आडव्या होत्या. डोळे खोल गेलेले, ओठांना पापडी धरलेली. मला बघून काहीतरी बोलल्या, पण आवाज घोगरा, जीभ टाळ्याला चिकटत होती. पोटऱ्यांत पेटके येत होते, शेजारीण त्या चोळत बसली होती.

"तुमचा संडास तुंबलाय ना?" शेजारीण म्हणाली. "म्हणून सकाळपासून माझ्याकडंच येतात. आठ-दहा वेळा तरी झालं असेल. दोनदा उलटीपण झाली. पाणी दिलं तर नको म्हणतात. प्यालं की परत जावं लागतं म्हणे."

आमचा संडास तुंबलेला नव्हता.

आम्ही दोघींनी मिळून त्यांना रिक्षात घातलं. एवढी राबलेली बाई, पण उचलताना हाताला काही वजनच लागलं नाही. डॉक्टर आमचे जुने, गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दोन खाटांचा दवाखाना. त्यांनी आत्यांच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसेचना. मग त्यांनी विचारलं, "लघवी कधी झाली शेवटची?"

मला माहीत नव्हतं. मी आत्यांकडे पाहिलं. त्या पुटपुटल्या, "काल सांजच्याला."

डॉक्टरांनी लगेच सलाइन लावलं आणि मला बाहेर बोलावलं. "आतड्यांना संसर्ग झालाय. पाण्यातून आला असणार, सध्या सगळे तेच पेशंट आहेत. जुलाबाला मी एवढा घाबरत नाही. अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात आणि भरून निघत नाहीत, त्याला घाबरतो. म्हाताऱ्या माणसाला तहानही धड कळत नाही. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल. किडनीवर येऊ शकतं." मी गोळी दिल्याचं सांगितलं तेव्हा मात्र ते चिडले. "मनानं द्यायची असते का ती? अशा जुलाबात आतली घाण कोंडून राहते. मीठ-साखरेचं पाणी द्यायचं सोडून तुम्ही बूच कसलं मारता?"

कुणी मला बोललं की एरवी मी दोन शब्द जास्तच परत करते. त्या दिवशी नुसती मान हलवली आणि आत वळले.

खाटेजवळच्या स्टुलावर बसून मी बाटलीतला थेंब न् थेंब बघत होते. आठ-दहा वेळा जाऊन आलेली बाई मला दोनदा म्हणाली. का? लाज, असं आधी वाटलं. मग एकदम लख्ख कळलं. प्रत्येक वेळी संडासात एक बादली ओतावी लागते. बादली ओतली की रेघ ओलांडते. रेघ ओलांडली की मी ओरडते. माझ्या ओरडण्याला भिऊन ही बाई पोट धरून दुसऱ्याच्या दारात जात राहिली, आणि जावं लागू नये म्हणून तहानलेली राहिली. शरमेनं मला तिथंच मेल्यासारखं झालं.

दुसरी बाटली अर्धी झाली तेव्हा चार वाजून गेले होते. आत्यांनी डोळे उघडले आणि माझा पदर ओढला. "पोरी, मला जायचंय."

"जुलाब?"

"न्हाय गं. एकी."

देवाशप्पथ सांगते, लेक पहिल्यांदा रडली तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. मी आणि नर्सनं धरून त्यांना नेलं. दाराबाहेर सलाइनची बाटली उंच धरून मी उभी राहिले आणि आतला आवाज ऐकून माझा जीव भांड्यात पडला. थोडीच झाली, गडद झाली, पण झाली. नंतर मगभर पाणी पडल्याचं ऐकू आलं. एकच मग. मी म्हटलं, "आत्या, बादली ओता की!"

आतून आवाज आला, "लोकाचं पाणी हाय, बाई."

तिसऱ्या दिवशी त्यांना घरी आणलं. डॉक्टरांनी पाकिटं दिली होती. एक पाकीट, बरोबर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, घोट घोट करून दिवसभर. भाताची पेज, ताजं दही, केळं. जेवणाआधी आणि संडासहून आल्यावर साबणानं हात. सगळं मी लिहून फ्रिजवर चिकटवलं. लिटरभर तांब्या पुढे ठेवला तर आत्या म्हणाल्या, "हे समदं माज्या एकटीला?"

"एकटीला. आणि संपवल्याशिवाय उठायचं नाही."

पुढच्या खेपेला पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी मी बॅरल आडवं करून आत शिरले आणि घासणीने रेघा घासायला लागले. मार्कर पक्का होता, निघता निघेना. आत्या उंबऱ्यावर बसून बघत होत्या. न राहवून मी विचारलं, "आत्या, आम्हा तिघांना काही झालं नाही. तुम्हालाच कसं झालं? जारमधलंच पाणी पीत होतात ना?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "जारचं पोरीला ऱ्हाऊ दे म्हनलं. परीक्षा हाय तिची. मी आपलं ह्यातलंच तळाचं चवथ्या दिशी बादली-कळशीत काढून ठिवायची, त्येच प्यायची, त्येच वापरायची. माजंच हाय की ते."

"तुमचं म्हणजे?"

"म्हंजी काय? रेघा चार, मानसं चार. वरच्या तीन तुमच्या तिगांच्या, खालची माजी. त्या दिशी माजी कळशी सकाळीच सपली, आन् बॅरल तर समदं भरल्यालं. माज्या रेघंला पानी उतरलंच न्हवतं. तुमच्यातलं कसं वापरू मी?"

त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. तक्रार नव्हती, रुसवा नव्हता. मी बॅरलातून बाहेर आले ती तशीच ओल्या हातांनी त्यांच्या मांडीवर डोकं टेकून रडले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "अगं येडी का खुळी तू? झाले की मी बरी."

वरच्या तीन रेघा त्या दिवशी निघाल्या. सगळ्यात खालची मात्र अजून पुसट दिसते. पाणी आलं की पहिला तांब्या मी उकळून, गार करून आत्यांच्या हातात देते आणि त्या तो रिकामा करेपर्यंत समोर उभी राहते.